शिवेवरचे काटेझाड

टॉमस ग्रे या इंग्रज कवीची दफनभूमीत सुचलेली विलापिका वर्गात शिकवायला घेतली की दरवर्षी एका शब्दापाशी गाडी अडते. कविता १७५१ साली छापलेली. तिच्या शेवटी एका माणसाच्या थडग्यावरचा लेख वाचायला सांगितले आहे आणि तो दगड आहे एका जुन्या 'थॉर्न'खाली. थॉर्न म्हणजे काटा, हे मुलांना शाळेपासून पाठ. मग कुणीतरी विचारतेच, "सर, काट्याखाली दगड मावला कसा?" यंदा मागच्या बाकावरून एकाने परस्पर उत्तर दिले, "मुळ्ळु अल्लो, गिड अदु!" काटा नाही रे, झाड आहे ते. वर्ग हसला, पण उत्तर बरोबर होते. इंग्रजीत नुसते 'थॉर्न' म्हटले तरी बहुतेक वेळा एक ठरावीक झाड डोळ्यांसमोर येते. ते झाड म्हणजे हॉथॉर्न.

आपल्याकडे ते होत नाही. त्यामुळे ना मराठीत त्याला रुळलेले नाव, ना कन्नडमध्ये. मी वर्गात त्याला 'काटेझाड' म्हणतो. आपल्या बोरीच्या झाडाएवढे, म्हणजे पंधरा ते तीस फूट उंच. फांद्यांना टोकदार काटे, बारीक कातरलेली पाने, वसंतात पांढऱ्या फुलांचे घोस आणि शरदात लाल मण्यांसारखी फळे. कूळ मात्र गुलाबाचे. मे महिन्यात फुलते म्हणून तिकडचे लोक त्याला 'मे'च म्हणतात. पण ही फुले घरात आणायची नाहीत, आणली तर घरात मृत्यू येतो, अशी जुनी समजूत. त्यामागे एक कारणही आहे. या फुलांच्या वासात ट्रायमिथिलअमाईन नावाचे द्रव्य असते आणि मृतदेह कुजू लागला की तेच द्रव्य सुटते. अंत्यविधी होईपर्यंत प्रेत घरातच ठेवण्याच्या काळात तो वास सगळ्यांच्या ओळखीचा होता.

असे हे झाड. वडासारखा विस्तार नाही, सागासारखे लाकूड नाही, आंब्यासारखे फळ नाही. तरी इंग्लंड-आयर्लंडच्या गावोगावच्या इतिहासात ते जितक्या वेळा भेटते तितकी मोठी झाडेही भेटत नाहीत. कारण साधे आहे. ते शिवेवर उभे असे.

शब्दातच शीव आहे. 'हॉ' हा जुन्या इंग्रजीतल्या 'हागा' या शब्दाचा वंशज. हागा म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. कुंपणाचे काटेझाड ते हॉथॉर्न. याच कुळातला शब्द नेदरलँड्समधल्या हेग शहराच्या नावात आहे. त्या शहराच्या पूर्ण डच नावाचा अर्थ होतो, सरदाराचे कुंपण. देशोदेशींचे सीमातंटे ज्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे जातात ते याच कुंपणाच्या गावी असावे, याची आपल्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांना गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. आपला वाद काही तिथवर गेलेला नाही. महाराष्ट्राने २००४ साली दावा लावला तो दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. त्या वादात मी या सदरातून शिरत नाही. पण शीव म्हणजे नक्की काय, ती आखतो कोण आणि लक्षात ठेवतो कोण, हा प्रश्न आपल्या घराघरातला आहे, आणि या झाडाची गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा कुणाला जमीन इनाम देई तेव्हा सनदेत तिच्या चतुःसीमा लिहीत. सनदेचा मुख्य मजकूर लॅटिनमध्ये, पण चतुःसीमा गावच्या बोलीत. कारण त्या गावकऱ्यांनी चालून दाखवलेल्या असत. ओढ्यापासून त्या दगडापर्यंत, तिथून जुन्या टेकाडापर्यंत, पुढे अमक्या झाडापर्यंत, अशा. या सनदांत झाडे पुष्कळ येतात आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा येते ते काटेझाड. कधी त्याला 'पांढुरके' असे विशेषण असते. वय झालेल्या झाडाच्या खोडावर दगडफूल चढते (तेच, आपण गोड्या मसाल्यात घालतो ते), म्हणून ते पांढुरके दिसे. म्हातारे झाड, सगळ्यांनी पाहिलेले झाड, ज्याच्याविषयी खोटे बोलता येणार नाही असे झाड.

आपल्याकडचे धर्मशास्त्रही या बाबतीत मागे नव्हते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेवर कोणती झाडे लावावीत याची यादीच आहे: वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड आणि चीक असलेली झाडे. पुढे आणखी सावधगिरीची सूचना. झाड मरते, माणूस विसरतो, म्हणून जमिनीत लवकर न कुजणाऱ्या खुणाही पुरून ठेवाव्यात: दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसा, विटा. ज्याने हे लिहिले त्याने बांधावरची भांडणे पुष्कळ पाहिली असली पाहिजेत.

शिवेच्या खुणांत मनू शमीचेही नाव घेतो, आणि आपल्या मनातल्या शिवेवरही ती पक्की उभी आहे. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो म्हणजे गावची शीव ओलांडून शमीपाशी जातो. मराठी घरात आपट्याची पाने सोने म्हणून देतात. कन्नड घरात शमीलाच 'बन्नी' म्हणतात आणि बन्नी हातात ठेवताना 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण' म्हणतात. एकाच दिवशी एकाच ओसरीवर दोन्ही प्रकारची पाने वाटली जाणारी घरे या पानाच्या वाचकांत थोडीथोडकी नसतील. शमीही काटेरी, मध्यम उंचीची, कोरड्या माळावर तग धरणारी. इंग्रजांच्या काटेझाडाला आपल्याकडे सख्खे नाही तरी मानलेले भावंड शोधायचे तर ते बन्नीच.

शिवेवरच्या झाडाखाली माणसे जमत, आणि जमली की बोलत. लंडनच्या पश्चिमेला 'स्पेलथॉर्न' नावाचा जुना महाल होता. त्याचे नाव १०८६ सालच्या डूम्सडे बुक या सरकारी नोंदवहीतही आहे. अर्थ असा: ज्या काटेझाडाखाली बोलणी होत ते झाड. महालातल्या गावांचे लोक तिथे जमून तंटे सोडवीत, फर्माने ऐकत. झाड गेले, तंटे सोडवण्याची ती रीत गेली. पण १९७४ साली त्या भागात नवी नगरपरिषद स्थापन झाली तेव्हा तिला नाव दिले गेले ते स्पेलथॉर्नच. झाडापेक्षा झाडाचे नाव जास्त जगते. आपण हे वेगळे शिकायला नको. बेळगावचे मूळ नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचे गाव. कित्तूरकडच्या हुणशीकट्टीचे नाव ऐकले की हुणशी म्हणजे चिंच हे कन्नड येणाऱ्याला सांगावे लागत नाही. मराठीत ज्याला पार म्हणतात त्याला कन्नडमध्ये कट्टे म्हणतात आणि बेळगावच्या मराठीने कट्टा हाच शब्द आपलासा केला आहे. 'कट्ट्यावर बसलाय' म्हटले की पोरगा वाया गेला असे आपण समजतो. स्पेलथॉर्नच्या कट्ट्यावर मात्र कारभार चाले.

ऑलिव्हर गोल्डस्मिथ या कवीने १७७० साली 'ओसाड गाव' या अर्थाच्या नावाची दीर्घ कविता लिहिली. तिच्या सुरुवातीला गावाची आठवण येते तेव्हा त्यात हॉथॉर्नचे झुडूप आहे आणि त्याच्या सावलीत बसायच्या जागा आहेत, म्हाताऱ्यांना गप्पांसाठी आणि तरुणांना कुजबुजीसाठी. अगदी आपला पार. गाव ओसाड का झाले त्याकडे पुढे येतोच.

राजकारणातही हे झाड घुसले आहे. इसवी सन ८७१ मध्ये ॲशडाउन येथे आल्फ्रेड आणि त्याचा भाऊ यांची डेन लोकांशी मोठी लढाई झाली. आल्फ्रेडचे चरित्र लिहिणारा पाद्री ॲसर सांगतो की दोन्ही सैन्ये एका एकुलत्या, खुरट्या काटेझाडाभोवती भिडली. आणि पुढे आवर्जून म्हणतो की ते झाड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. चरित्र ८९३ सालचे, म्हणजे लढाईनंतर वीसएक वर्षांनी लिहिलेले. 'मी झाड पाहिले आहे' हा त्याच्या लेखी लढाई झाल्याचा पुरावा. १४८५ साली बॉस्वर्थच्या रणात तिसरा रिचर्ड पडला तेव्हा त्याचा मुकुट हॉथॉर्नच्या जाळीत सापडला आणि तोच सातव्या हेन्रीच्या डोक्यावर ठेवला, अशी आख्यायिका आहे. ती मागाहून रचलेली असावी. पण हेन्रीने काटेझाडातला मुकुट हे आपले चिन्ह म्हणून मिरवले हे खरे. पांडवांनी शस्त्रे शमीवर ठेवली, याने मुकुट काटेझाडावरून उचलला. सत्ता काही काळ झाडाच्या हवाली करायची ही कल्पना दोन्हीकडे कशी आली असेल, याचा विचार करायला मला आवडते.

आणि ॲसरसारखे 'हे बघा ते झाड' म्हणणारे आपल्या खानापूर तालुक्यातही आहेत. संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी दिले. त्याच्या समाधीवरचा वड लोक आजही दाखवतात. नंदगडात मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा, दोघेही पाहुण्याला आधी त्या वडाकडे नेतात.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. ही पंचांगाच्या भांडणाची आहे, त्यामुळे आपल्या वाचकांना ती परकी वाटणार नाही. स्मार्त एकादशी एक दिवस, भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी, हे आपल्याकडे घरोघर चालते. इंग्लंडात हा घोळ १७५२ साली एकदम मोठ्या प्रमाणावर झाला. युरोपातले बरेच देश सुधारलेली कालगणना आधीच वापरत होते, इंग्लंड जुनीच धरून होते. फरक अकरा दिवसांचा झाला होता. पार्लमेंटने कायदा केला आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर ठरला. सरकारने ठरवले, पंचांगे छापली गेली. प्रश्न उरला नाताळचा. येशूचा जन्मदिवस पार्लमेंटच्या कायद्याने अकरा दिवस अलीकडे कसा येईल?

यावर लोकांनी निवाडा मागितला तो झाडाकडे. सॉमरसेटमधल्या ग्लास्टनबरी गावी एका विशिष्ट जातीचे हॉथॉर्न आहे. ते वर्षातून दोनदा फुलते, एकदा वसंतात आणि पुन्हा थोडेसे ऐन हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास. त्याची कथा अशी की येशूला थडग्यात ठेवणारा अरिमथायचा जोसेफ इंग्लंडात आला, टेकडीवर त्याने आपली काठी रोवली आणि तिलाच पालवी फुटली. कथेचे सोडा. पण नाताळला फुलणारे झाड म्हणून त्याची कीर्ती देशभर होती आणि त्याची कलमे ठिकठिकाणी नेली जात. बकिंगहॅमशायरमधल्या क्वेंटन गावाजवळ असेच एक झाड होते, ग्लास्टनबरीच्या कुळातले म्हणून समजले जाणारे. २४ डिसेंबर १७५२ च्या रात्री तिथे दोन हजारांहून अधिक माणसे कंदील आणि मेणबत्त्या घेऊन जमली. नवा नाताळ खरा असेल तर झाडाला कळी दिसेल.

कळी दिसली नाही. लोकांनी एकमुखाने ठरवले की हा नाताळ खोटा. दुसऱ्या दिवशी ते चर्चला गेले नाहीत, पाहुण्यांना जेवू घातले नाही. प्रकरण इतके वाढले की आसपासच्या गावांच्या पाद्र्यांनी, जुना नाताळही पूर्वीप्रमाणे पाळला जाईल असे जाहीर करून लोकांना शांत केले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाने १७५३ च्या जानेवारीत छापली. खुद्द ग्लास्टनबरीतही नव्या नाताळला गर्दी झाली आणि झाड फुलले नाही. ५ जानेवारीला, म्हणजे जुन्या नाताळला, ते नेहमीप्रमाणे फुलले असे त्याच मासिकात आहे. आज कुणी म्हणेल, अडाणी लोक. मला तसे वाटत नाही. दूरच्या राजधानीत बसून कुणी तुमच्या दिवसांची मोजणी बदलली, तुम्हाला विचारलेही नाही, तर दाद मागायला जे जवळ, ज्याला कुणी विकत घेऊ शकत नाही अशाकडेच माणूस जाणार. १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस ज्यांनी मोठेपणी पाहिला त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

इथवर काटेझाड लोकांच्या बाजूचे होते. पण कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर हे पान नुसते फुलांचे होईल.

गोल्डस्मिथचे गाव ओसाड पडले ते जमीन पैसेवाल्यांच्या हाती गेल्यामुळे. इंग्लंडात गावोगाव सामाईक माळ असत. आपल्या गायरानासारखे, कन्नडमधल्या गोमाळासारखे. ज्याच्याकडे बिघाभर जमीन नाही त्याचीही गाय तिथे चरे, जळण तिथून येई, पोरे तिथे खेळत. ही सामाईक जमीन वाटून खासगी करण्याचे कायदे पार्लमेंटने एकामागून एक केले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांत ६८ लाख एकर जमीन गेली, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा. त्यातला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला. कायद्याची अट अशी की ज्याला वाटा मिळाला त्याने ठरलेल्या मुदतीत स्वखर्चाने कुंपण घालायचे. मोठ्याला ते परवडे. लहान शेतकऱ्याला परवडत नसे. मग तो वाटा विकून मजूर होई किंवा शहराची वाट धरी.

आणि कुंपण कशाचे? काटेझाडाचे. हॉथॉर्नची रोपे ओळीने लावली की ती लवकर वाढतात, छाटली की दाट होतात, गुरे आत शिरत नाहीत. आपले शेतकी खाते ज्याला 'जिवंत कुंपण' म्हणते तसेच त्यांचेही नाव आहे. त्यांच्या शब्दातही 'जिवंत' हाच अर्थ आहे. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत सुमारे दोन लाख मैल कुंपण लावले गेले असा अंदाज आहे. इंग्लंडचे हिरव्या रेघांचे शेत आपण चित्रात पाहतो, कॅलेंडरवर पाहतो. त्या सुंदर रेघांतल्या कित्येक अशा आल्या आहेत.

जॉन क्लेअर हा शेतमजुराच्या घरी १७९३ साली जन्मलेला कवी. त्याच्या हेल्पस्टन गावचा माळ वाटण्याचा कायदा १८०९ साली झाला. लहानपणी जिथे कुठेही हिंडता येई तिथे आता काटेझाडाच्या भिंती आणि 'आत येऊ नये'च्या पाट्या. त्याने त्यावर कविता लिहिल्या, आणि त्या आज इंग्रजीतल्या चांगल्या कवितांत गणल्या जातात. पण पोट होते. म्हणून कुंपणे घालणाऱ्या टोळीत मजुरी करून त्याने स्वतःच्या हाताने ही रोपे लावली. क्लेअरच्या कवितेइतकीच त्याची ही मजुरी विद्यार्थ्यांना सांगावी असे मला वाटते.

याच इंग्रजांनी काटेरी कुंपणाची युक्ती हिंदुस्थानातही आणली. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये म्हणून त्यांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून जकातीची लांबलचक रेषा आखली. तिच्या शेकडो मैलांवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले आणि हजारो शिपाई पहाऱ्याला ठेवले. हे कुंपण दाट करण्यात ज्या अधिकाऱ्याचा मोठा हात होता त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, १८८५ साली काँग्रेस स्थापण्यात पुढाकार घेतला तोच. १८७९ साली ही रेषा मोडीत निघाली. नंतर ती इतकी विसरली गेली की रॉय मॉक्सहॅम या इंग्रजाने तिचे अवशेष हिंडून हिंडून शोधले आणि २००१ मध्ये पुस्तक लिहिले तेव्हा कुठे आपल्यालाच ती कळली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतो ना आपण? कन्नडमध्ये तंतोतंत तीच म्हण आहे: 'बेलीये एद्दु होल मेय्दंते.' बेली म्हणजे कुंपण, तेच उठून शेत चरले. दोन्ही भाषांना ही म्हण गरजेची वाटली, यात सगळे आले.

म्हणजे झाड एकच. गावाने मिळून शिवेवर राखले तेव्हा ते साक्षीदार होते. कागदावर रेघ मारून ओळीने लावले तेव्हा पहारेकरी झाले. फरक झाडात नव्हता.

या जुन्या झाडांचे पुढे काय झाले? नॉरफकमध्ये हेथेल नावाच्या खेड्यात चर्चजवळ एक हॉथॉर्न उभे आहे. वय सातशे वर्षांच्या पुढे असल्याचे मानतात. नेमके कुणाला सांगता येणार नाही, कारण एवढे जुने खोड आतून पोकळ होऊन फाटते आणि वर्तुळे मोजायला उरत नाहीत. तिथल्या निसर्गसंस्थेने त्या एका झाडाभोवतीची एवढीशी जागा राखीव क्षेत्र म्हणून जपली आहे. एका झाडाचे अभयारण्य! मला ते वेडेपणाचे वाटत नाही.

ग्लास्टनबरीच्या झाडाचे नशीब एवढे चांगले नाही. मूळ झाड सतराव्या शतकातल्या यादवीत, ही मूर्तिपूजा आहे म्हणून कडव्या पंथाच्या लोकांनी तोडले. कलमांवरून वंश टिकला. टेकडीवर १९५१ साली नवे लावले, ते डिसेंबर २०१० मध्ये एका रात्री कुणीतरी फांद्या छाटून बोडके केले. २०१२ मध्ये लावलेले रोपही मोडले आणि २०१९ मध्ये टेकडीवरचे उरलेले खोडही काढले गेले. गावातल्या चर्चच्या आवारात वंशज आहेत. नाताळात तिथली फुललेली डहाळी राजघराण्याकडे पाठवायची प्रथा आहे आणि ती तोडायचा मान शाळेतल्या सर्वांत मोठ्या मुलाचा.

आयर्लंडची गोष्ट वेगळीच. तिथे एकट्या उभ्या काटेझाडाला परीलोकांचे झाड मानतात आणि त्याला कुणी हात लावत नाही. क्लेअर परगण्यात लाटून येथे १९९९ साली मोठा रस्ता होणार होता आणि असे एक झाड आड येत होते. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिले: हे झाड तोडू नका, मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या कॉनॉक्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा इथे जमतात, झाड गेले तर रस्त्यावर अपघात होतील. (पऱ्यांचाही प्रांतवाद! आणि हा परगणा अगदी दोन प्रांतांच्या सीमेवरचा.) जगभर हसे झाले, बातम्या झाल्या. पण रस्ता बांधणाऱ्यांनी झाड राखूनच रस्ता केला. २००२ च्या ऑगस्टमध्ये कुणीतरी यंत्रकरवतीने त्याच्या सगळ्या फांद्या कापल्या. नुसते खोड उरले. त्याला पुन्हा पालवी फुटली.

परीवर विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. पण लेनिहनकडे झाडाची गोष्ट होती आणि ती त्याने वेळेवर सांगितली, म्हणून आराखड्यावरच्या ठिपक्याला नाव आले. आपल्या बेळगाव-खानापूर रस्त्याच्या रुंदीकरणात दुतर्फाची जुनी झाडे गेली तेव्हा ती मोजली गेली ती नगांत. त्यांतल्या एखाद्या चिंचेखाली कुठल्या दोन गावांची शीव मिटली होती, कुठल्या वडाखाली बाजाराच्या गाड्या सुटत, कुठल्या झाडाला मराठी गावकरी एका नावाने आणि पलीकडचे कन्नड गावकरी दुसऱ्या नावाने ओळखत, हे लिहिलेल्या कागदाची कुणाला गरज पडली नाही. असा कागद नव्हताच.

तो करायला माझ्या वर्गातल्या मुलांनी या सत्रात सुरुवात केली आहे. प्रत्येकाने आपल्या गावच्या शिवेवरच्या एकाच झाडाची माहिती आजी-आजोबांना, अज्जा-अव्वांना विचारून आणायची: झाड कोणते, मराठीत काय म्हणतात, कन्नडमध्ये काय म्हणतात, त्याच्यापाशी काय घडले, ते आहे की गेले. एका मुलीच्या वहीत आईकडच्या आजोबांनी आणि वडिलांकडच्या अज्जांनी एकाच चिंचेच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि दोघांचेही म्हणणे आहे की ती चिंच आमच्या बाजूची. तिने दोन्ही लिहून आणल्या आहेत. वाचकांपैकी कुणाकडे अशा झाडाची हकीकत असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मराठीत लिहिली तरी चालेल, कन्नडमध्ये लिहिली तरी.